झडप उघडी ठेव

मीना अल-अहमदीजवळचा कॅम्प, कुवेत
शुक्रवार, २३ नोव्हेंबर १९७९

चि. सौ. मुक्ता हिला काशिनाथचे आशीर्वाद, आणि आशीर्वादाच्या आधी थोडा राग.

तुझं पत्र काल मिळालं. चार पानं लिहिलीस. मालनकाकूंची गाय व्याली, त्यांच्या पडवीचं छप्पर शाकारून झालं, सगळं लिहिलंस, आणि अगदी खाली बारीक अक्षरात, परवा रानातून येताना बोरं आणली म्हणून. मला वेडा समजतेस काय? सातव्या महिन्यात कोणी बोरांसाठी डोंगर चढत नाही. तू लाकडाचा भारा आणायला गेली होतीस.

मागच्या खेपेला त्याच घसरणीवर भारा घेऊन पडलीस आणि आपलं पोर पोटातच गेलं. मला ते बावीस दिवसांनी कळलं. ते बावीस दिवस मी इथे पाईपांना वेल्डिंग करत होतो, जेवत होतो, संध्याकाळी पत्ते कुटत होतो. आता तसं होता कामा नये. आई ऐकत नसेल तर तिला हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. बाळंतपण होईपर्यंत डोंगराला पाय लावायचा नाही.

लाकडाची ओढाताण आम्हालाही आहे म्हणून सांगतो. गावात सगळ्यांना वाटतं, कुवेत म्हणजे बारा महिने भाजणी. इथे आता वाळवंटातून असा वारा येतो की दात वाजतात. मी आणि राजापूरकडचा यूनुस एका केबिनमध्ये राहतो, ते तुला माहीत आहेच. केबिन पत्र्याची, आणि तिच्या खिडकीची काच फुटकी. ऑफिसात तीनदा सांगून आलो. क्लार्क म्हणतो बुक्रा, म्हणजे उद्या. त्याचा उद्या काही उजाडत नाही.

सामानाची लाकडी खोकी फोडून आम्ही अर्ध्या पिंपात जाळतो. तीन खोकी जळतात, डोळे चुरचुरतात आणि ऊब सगळी आढ्याला जाते. मला हे बघवत नाही. मी एक भट्टी बनवायला घेतली आहे. जमली तर कळवीन.

तुझा,
काशिनाथ

---

कोंडवाडी, ता. संगमेश्वर
९ डिसेंबर १९७९

सप्रेम नमस्कार. तुमचा राग बारा दिवसांत पोचला, आशीर्वादही त्याच पाकिटात होते, दोन्ही मिळाले.

बोरंच आणायला गेले होते. येताना भाराही आणला, पण लहान होता. आता जात नाही, तुमची शपथ.

सासूबाईंना बोल लावू नका. माझी आई नाही, माहेरी करणारं कोणी नाही, म्हणून हे बाळंतपण त्यांनी अंगावर घेतलंय. मागचं गेलं तेव्हापासून त्या धास्तावल्यात. मी नीट शेक घेतला नाही, वारा लागला, असं त्यांना वाटतं. या खेपेला सव्वा महिना दोन वेळा कढत न्हाणं, बाजेखाली शेगडी, पोराला ओवा-शेपेची धुरी, सगळं यथासांग करायचं म्हणतात. त्याला लाकडं किती लागतील त्याचा हिशेब मांडून त्या स्वतःच डोक्याला हात लावून बसतात. फॉरेस्टचा माणूस ओलं लाकूड तोडू देत नाही, आणि सुकं वरच्या टोकाला मिळतं. मालनकाकू शेजारधर्म म्हणून एक दिवसाआड भारा आणून टाकतात, पण त्यांचं तरी वय कुठे आहे आता.

मी नाही गेले तर सासूबाई जातील. त्यांचे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. तुम्ही तिकडे बसून काळजी करता ते मला कळतं हो, पण काळजीनं पाणी तापत नाही. तुमच्या त्या भट्टीचं काय झालं? जमली असेल तर आपल्या रामभाऊ लोहारांना जमेल असं चित्र काढून पाठवा. दाई म्हणते, पौषात होईल.

तुमची,
मुक्ता

---

मीना अल-अहमदी कॅम्प
शुक्रवार, २१ डिसेंबर १९७९

चि. सौ. मुक्ता हिला आशीर्वाद.

जमली, आणि अशी जमली की यूनुस भट्टीला नमस्कार करायचा बाकी राहिलाय. तीन खोक्यांच्या जागी आता एक पुरतं. चित्र सोबत आहे. एक गाववाला रजेवर निघालाय, तो मुंबईतून टपालात टाकणार, म्हणजे आठवड्यात तुझ्या हातात पडेल. रामभाऊंना दाखव आणि मी लिहितो ते शब्दशः वाचून दाखव.

लहान पिंप घ्यायचं. आत चारी बाजूंनी विटा लावायच्या, म्हणजे विटा तापून ऊब धरतात आणि लाकूड विझलं तरी तासन्‌तास सोडत राहतात. तोंड वितीएवढंच ठेवायचं, मोठं नको. मागून पत्र्याचं धुराडं काढून भिंतीतून बाहेर न्यायचं. लाकूड चांगलं वाळलेलं आणि अंगठ्याएवढं बारीक चिरलेलं. ओंडका घातलास तर तो नुसता धुमसतो, अर्धं लाकूड धूर होऊन जातं. पिंपाच्या डोक्यावर हंडा बसवलास की शेकाबरोबर न्हाणाचं पाणीही त्याच जाळावर तापेल.

आता खरी गोम. धुराड्यात मी एक झडप बसवली आहे, तव्यासारखी गोल, बाहेरून कडीने फिरते. जाळ चालू असताना उघडी ठेवायची. लाकडाचे निखारे झाले आणि धूर संपला, की झडप पूर्ण बंद करायची. सगळी ऊब खोलीतच राहते. शिवाय खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजव. आमची काच मेली अजून फुटकी, नाहीतर आमचं अर्ध्या खोक्यात भागलं असतं.

शेजारच्या केबिनमध्ये सावंतवाडीकडचा महादेव आणि बिहारचा शत्रुघ्न राहतात. महादेव चार दिवस मागे लागला होता, दादा मला पण करून दे. परवा दिली. त्यांची खिडकी धड आहे आणि शत्रुघ्नने दाराखालीसुद्धा गोणपाट कोंबलंय. म्हणतो, गावच्यापेक्षा इथे बरं झोपतो.

आता तरी डोंगरावर जायचं नाव काढू नकोस. झालं की लगेच कळव. मी रोज तारीख बघतो.

काशिनाथ

---

कोंडवाडी
९ जानेवारी १९८०

सप्रेम नमस्कार.

तीन तारखेला, गुरुवारी पहाटे, मुलगी झाली. सुखरूप आहे. नाक तुमचं आहे, त्याला इलाज नाही. बाळंतिणीनं डोळ्यांना ताण द्यायचा नसतो, म्हणून सासूबाईंनी दौत-लेखणी उचलून ठेवली होती. ही पेन्सिल उशीखाली लपवलेली आहे.

तुमचं शेगडीचं चित्र आलं. रामभाऊंनी दोन दिवस बसून बनवली. गावातली माणसं बघून गेली. एका भाऱ्यावर आता चार दिवस निघतात, पूर्वी एकच निघायचा. सासूबाईंनी तर कमालच केली आहे. खिडकीला गोणपाट लावून वरून शेणानं लिंपलं. दारालाही घोंगडी. दिवेलागणीला निखारे झाले की त्या स्वतः येऊन झडप लावतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. लेकानं पाठवलीय ना.

खोली कशी उबदार असते म्हणून सांगू. थंडी बाहेर राहिली. बाळी फार शहाणी आहे, रडतच नाही. नुसती झोपते. पाजायला उठवावं लागतं आणि दोन घोट घेऊन पुन्हा झोपते. पहिले दोन दिवस केवढी रडायची. सासूबाई म्हणतात, ऊब मिळाली, आता कशाला रडेल.

माझं डोकं तेवढं जड असतं सकाळी. मळमळतं. सासूबाईंनी दृष्ट काढली. होईल बरं.

तुमची,
मुक्ता

---

मीना अल-अहमदी कॅम्प
सोमवार, १४ जानेवारी १९८०

मुक्ता,

बाकी काही वाचू नकोस. आधी उठ, झडप उघड, खिडकी उघड. शेगडी खोलीतून बाहेर काढायला सांग. मग पुढचं वाच.

आज सकाळी कामाची बस आली तेव्हा महादेव आणि शत्रुघ्न बाहेर आले नाहीत. यूनुसने दार वाजवलं. आतून कडी. हाका मारल्या, उत्तर नाही. मी पहारीने दार उचकटलं. दोघे पांघरूण घेऊन झोपलेले, चेहरे लाल, जसे नुकते न्हाऊन आलेत. शत्रुघ्नला बाहेर आणला तशी त्याला ओकारी झाली आणि तो डोळे फिरवत उठला. महादेव उठला नाही. इस्पितळात नेलाय. अजून काही सांगता येत नाही.

तिथे शर्मिला म्हणून एक नर्स आहेत, आपल्या नाशिकच्या. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. निखाऱ्यातून एक विषारी वायू निघतो. त्याला ना रंग ना वास. धुराड्यावाटे गेला तर काही नाही, वाट बंद केली तर खोलीत साठतो. माणसाचं डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि तो त्या झोपेतून उठत नाही. लहान पोराला फार लवकर बाधतो. मी आणि यूनुस वाचलो ते त्या फुटक्या काचेने.

आणि मी तुला काय लिहिलं होतं? झडप पूर्ण बंद कर. खिडकीच्या फटी बुजव. माझ्या हाताने लिहिलं, वर ऐट मिरवली.

ऑफिसच्या क्लार्कबरोबर जाऊन तार केली आहे. पत्राला बारा दिवस लागतील, तार दोन दिवसांत पोचेल. तू बाळंत झालीस का, कधी झालीस, मला काहीच माहीत नाही. देवा, अजून व्हायचीच असूदे. शेगडी रामभाऊंनी बनवलीच नसूदे.

काशिनाथ

---

मीना अल-अहमदी कॅम्प
गुरुवार, २४ जानेवारी १९८०

मुक्ता,

तुझं नऊ तारखेचं पत्र काल आलं. पोरगी झाली. बाप झालेला माणूस काय करतो ते मी केलं नाही. मी सरळ पुढची ओळ वाचली, मग त्याच्या पुढची. रडत नाही, नुसती झोपते. माझं डोकं जड असतं. शर्मिलाताईंनी सांगितलेलं तू एकेक करून लिहिलं आहेस, आणि वर म्हणतेस, होईल बरं.

तार जाऊन दहा दिवस झाले. उत्तर नाही. आमचं टपाल ऑफिसच्या पेटीत पडतं आणि क्लार्क मनात येईल तेव्हा आणून देतो. मी रोज जाऊन विचारतो. तो म्हणतो बुक्रा. आज मी त्याची गचांडी धरली. यूनुसने सोडवलं.

रजा मागितली. कॉन्ट्रॅक्टरकडे पासपोर्ट आहे, मार्चआधी देत नाहीत. यूनुसने परवा खैतानला नेलं, तिथे मराठी माणसं राहतात, कोणी मुंबईला निघालंय का बघायला. कोणी नव्हतं. एका घरी चहा दिला. त्यांचं लहान मूल पाळण्यात किंचाळत होतं आणि त्या बाई माझी माफी मागत होत्या, फार रडतो हो. मला तिथून उठवेना.

काय झालं असेल ते लिही. काहीही असलं तरी लिही. मागच्यासारखं लपवू नका. आईला सांग, मी रागावणार नाही. तिने माझं ऐकलं, एवढंच तिने केलं.

काशिनाथ

---

कोंडवाडी
२५ जानेवारी १९८०

सप्रेम नमस्कार.

आधी हे वाचा. मी बरी आहे, बाळी बरी आहे, आणि घसा फोडून रडते आहे. प्रभाकर गुरुजींनी उलट तार केली होती. ती पोचली असेल म्हणून मी निर्धास्त होते. आज तुमचं चौदाचं पत्र आलं आणि वाटलं, तुम्हाला सगळं सविस्तर सांगायलाच हवं. सासूबाईंनी आज स्वतः पेन्सिल आणून दिली.

तुमची तार सोळा तारखेला बुधवारी आली, दुपारच्या आधी. आपल्या गावात तार कशासाठी येते ते तुम्हाला सांगायला नको. चार वर्षांत एकच आली होती, मुंबईला गिरणीत गेलेल्या माणसाची. टपालवाल्याला इंग्रजी येत नाही. त्यानं तोंड पाडून कागद सासूबाईंच्या हातात दिला, कुवेतची आहे म्हणाला आणि निघून गेला. वाचणारे एक गुरुजी, ते देवरुखला मीटिंगला गेलेले. पण वाचायची गरज कोणाला वाटली? सासूबाई अंगणातच बसल्या. तुम्ही गेलात, असं सगळ्यांनी धरलं.

बाळंतिणीला असलं सांगत नाहीत. मला कोणी काही बोललं नाही. त्या सकाळी मी दोनदा ओकले होते, डोळे उघडवत नव्हते. बाळी ओल्या फडक्यासारखी अंगावर पडलेली. आदल्या दिवसापासून तिनं दूध धरलं नव्हतं. मालनकाकू पाण्याचा तांब्या घेऊन आत आल्या आणि त्यांनी शेगडीतल्या निखाऱ्यांवर पाणी ओतलं. मग स्वयंपाकघरातली चूल विझवली. मयताच्या घरात विस्तव ठेवत नाहीत ना. माणसं येऊ लागली तशी दारावरची घोंगडी काढली, आणि बसायला जागा व्हावी म्हणून मधलं दार, मागचं दार, सगळं सताड उघडलं. गार वारा सरळ आत आला. मी म्हटलं, काकू, पोरीला थंडी बाधेल. काकूंनी फक्त लुगड्यात गुंडाळलं तिला आणि माझ्याशेजारी बसून राहिल्या.

मग त्यांच्या घरून जेवण आलं. मी विचारलं, आपली चूल का नाही? लोहाराला शेगडी दुरुस्त करायचीय म्हणाल्या. रोज न चुकता मला कुंकू लावतात, त्या दिवशी करंडा हातात घेतला आणि परत ठेवला. तेव्हा मला कळलं. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

उन्हं कलली तेव्हा बाळी रडली. आधी कुरकुरली, मग एकदम टाहो फोडला आणि दूध ओढायला लागली, अशी की जीव कळवळला. बाहेर बायकांचं रडणं वाढलं. बाप गेला आणि आता पोर रडली, असं कोणीतरी म्हणाल्याचं मला ऐकू आलं. माझं डोकं मात्र हलकं झालं होतं. मला त्याचीच लाज वाटली. तुम्ही गेलात आणि मला बरं वाटतंय, हे काय म्हणावं?

दिवेलागणीला गुरुजी आले. तार दोनदा वाचली. मला बाजेवरून दिसत होतं, त्यांचा चेहरा बदलला.

"काशिनाथ जिवंत आहे," ते म्हणाले. "शेगडी विझवा म्हणतो. खिडक्या उघडा म्हणतो."

"विझवलीय कधीच," मालनकाकू म्हणाल्या, आणि मग त्या जे रडल्या ते कोणाला आवरेना.

शेगडी आता अंगणात नेली आहे. रामभाऊंनी झडप कापून टाकली. न्हाणाचं पाणी तिच्यावरच तापतं, आणि विटा तापल्या की त्या फडक्यात बांधून शेकाला आत आणतात. अजून भारा चार दिवस जातो. डोंगरावर कोणी जात नाही. खिडकी सासूबाईंनी स्वतः फोडून काढली, गोणपाटासकट.

दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मी तुमच्याशिवाय होते. ते लिहिता येत नाही. महादेवभाऊजी कसे आहेत? त्यांना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
मुक्ता

---

मीना अल-अहमदी कॅम्प
शुक्रवार, ८ फेब्रुवारी १९८०

चि. सौ. मुक्ता आणि चि. बाळी, दोघींना आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. गुरुजींची तार त्याच दिवशी क्लार्कने आणून दिली, सतरा दिवस पेटीत पडून होती. यूनुसला तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. मधेच मला वाचवेना, तेव्हा त्याने हातातून घेतलं आणि पुढचं वाचलं.

तुला एक सांगायचं आहे. लपवू नका म्हणून तुम्हाला बजावलं आणि मीच लपवलं. महादेवचं काही सांगता येत नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. दार तोडलं तेव्हाच तो गेलेला होता. शर्मिलाताईंनी विचारलं होतं, ही भट्टी कोणी बनवली? मी म्हणालो, माहीत नाही. दोन दिवस ते पोटात घेऊन फिरलो. मग त्यांना सांगितलं, साहेबालाही सांगितलं. साहेब म्हणाला, फटी त्यांनी बुजवल्या, तू नाही. सगळ्या भट्ट्या मोडल्या आणि केबिनला हीटर दिले. आमची काच बसवायला माणूस आला होता. मी त्याला परत पाठवला.

त्या दिवशी तारखात्यात मी दोन तारा केल्या, एकाच खिडकीवर, एकामागून एक. एक महादेवच्या घरी, एक तुला. तुझ्या तारेत शेगडी विझवा होतं. त्याच्या तारेत जे होतं तेच तुमच्या अंगणात सगळ्यांनी वाचलं. तू लिहिलंस, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. सावंतवाडीकडे महादेवच्या बायकोकडे, कुसुमवहिनींकडेही, कोणी गुरुजी आले असतील. त्यांचा चेहरा बदलला नसेल.

मार्चच्या दहा तारखेला रजा मिळतेय. महादेवची ट्रंक माझ्याबरोबर देणार आहेत. ती घेऊन त्यांच्या दारात जायचं आहे आणि भट्टी मी केली हे सांगायचं आहे. मी काय बोलू, मुक्ता? तू येशील का बरोबर?

काशिनाथ

---

कोंडवाडी
२० फेब्रुवारी १९८०

सप्रेम नमस्कार.

येते. बाळीला दोन दिवस मालनकाकू सांभाळतील, त्यांची गाय दुभती आहे.

काय बोलायचं ते ठरवून येऊ नका. त्या दिवशी मालनकाकू माझ्याशी काही बोलल्या नाहीत, नुसत्या शेजारी बसल्या होत्या. तुमचं सांगून झालं की मी तशी वहिनींच्या शेजारी बसेन. त्यांनी तुम्हाला दारातून हाकललं तर तुम्ही अंगणात थांबा, मी आत जाईन.

शत्रुघ्नभाऊजी महादेवभाऊजींबरोबर राहत होते, त्यांना घरचं ठाऊक असेल. निघायच्या आधी एवढं विचारून ठेवा, वहिनींच्या घरी आता लाकडं कोण आणतं.

तुमची,
मुक्ता